अर्धी टाकी पेट्रोल असूनही जुनी पद्मिनी पातूरच्या घाटात बंद का पडते? कार्बोरेटर आणि पेट्रोल सप्लायची सगळी भानगड समजून घ्या

मे महिन्यातली दुपार. अकोल्याहून वाशीमला वरात निघाली आहे. सगळ्यात पुढे आजोबांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी, बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरदेव. पातूर सुटतं, घाटाचा चढ लागतो, गाडी दोन-तीन झटके देते आणि बंद पडते.

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण उचलत नाही. एक जण म्हणतो, "पेट्रोल संपलं असंल." काटा अर्ध्यावर असतो. दुसरा म्हणतो, "भाऊ, गाडी पेट्रोल उचलून नाही राहिली, कार्बोरेटर गेला तुमचा." तिसरा मोबाईल काढून व्हिडिओ करायला लागतो. अर्ध्या तासानं कुणीतरी सहज म्हणून सेल्फ मारतं, तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. पुढे काय होतं तेही ठरलेलं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला जाते, कार्बोरेटर खोलून साफ होतो, पैसे दिले जातात आणि पुढच्या उन्हात गाडी पुन्हा तिथेच बंद पडते. अशी तीन-चार वेळा फजिती झाली की घरात विषय निघतो, "आता ही भंगारात देऊन टाकू."

गंमत म्हणजे अशा वेळी कार्बोरेटरचा काही दोष नसण्याचीच शक्यता जास्त असते. मग दोष कुणाचा? तो रस्त्यावर उभ्या उभ्या कसा ओळखायचा? आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून या गाड्यांचं दुखणं का वाढलंय?

कोणत्या गाड्यांचा हा विषय आहे?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि त्याला एमएच ३७ हा नंबर मिळाला. त्यामुळे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सहा तालुक्यांत एखाद्या वाड्यात किंवा शेडमध्ये एमएच ३० ची जुनी गाडी दिसली, तर ती बहुतेक जिल्हा वेगळा होण्याआधीची असते. कुठे प्रीमियर पद्मिनी, कुठे अ‍ॅम्बॅसेडर, तर कुठे पहिल्या पिढीतली मारुती ८००.

पद्मिनी ही मुंबईच्या कुर्ल्याची लेक. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं १९६४ साली फिएट ११०० डिलाइट बाजारात आणली आणि पुढे तीच गाडी पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर सोलेक्स कार्बोरेटर. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची हटली, पण खासगी मालकांच्या घरी या गाड्या अजून जपलेल्या आहेत. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, आणि २००० च्या आसपास इंजेक्शन येईपर्यंत तीही कार्बोरेटरवरच चालायची.

आणि तुमच्याकडे चारचाकी नसली तरी हा विषय तुमचा आहेच. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ लागू होण्याआधी घेतलेल्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरच आहे. फरक इतकाच, की मोटारसायकलची टाकी वर असते, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरतं. कारची टाकी मागे आणि खाली असते, त्यामुळे पेट्रोल ओढून आणावं लागतं. निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

कार्बोरेटर म्हणजे काय? फवारणी पंप आणि कूलरचा फ्लोट

पेट्रोल नुसतं ओतून पेटवलं तर इंजिन चालत नाही. त्याचा बारीक फवारा हवेत मिसळावा लागतो, आणि तोही ठरलेल्या प्रमाणात. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणं हेच कार्बोरेटरचं काम.

शेतात फवारणी करणाऱ्याला हे लगेच कळेल. कार्बोरेटरमध्ये एक नळी असते, जी मध्यभागी निमुळती होत जाते. इंजिन हवा ओढतं तेव्हा त्या अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे बाजूच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढलं जातं आणि त्याचा फवारा होतो. या छिद्राला जेट म्हणतात. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये कचरा अडकला की धार तुटते, तसंच जेटमध्ये कचरा अडकला की गाडी मिसिंग मारते.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे फ्लोट. हा विदर्भातल्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात दिसतो, कूलरच्या टाकीत! पाणी वर आलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की नळ पुन्हा सुरू. कार्बोरेटरच्या पोटातही पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तिच्यात असाच फ्लोट. तो वर आला की एक टोकदार पिन पेट्रोलची वाट बंद करते. ही पिन झिजली किंवा तिथे कचरा बसला की कूलरसारखाच प्रकार होतो, ओव्हरफ्लो. कूलरमधून पाणी सांडतं, इथे गरम इंजिनवर पेट्रोल सांडतं.

बाकीचे भाग चार. थांबलेल्या गाडीला पेट्रोल देणारा स्लो जेट, वेगात पेट्रोल देणारा मेन जेट, अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर जादा पिचकारी मारणारा छोटा पंप, आणि थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारा चोक. एवढं डोक्यात बसलं की दुखणं ओळखणं सोपं जातं.

टाकी ते कार्बोरेटर: पेट्रोलचा प्रवास

मागच्या टाकीतून लोखंडी पाईप गाडीच्या खालून पुढे येतो. मध्ये एखादा फिल्टर असतो. पुढे इंजिनला चिकटलेला एक छोटा पंप असतो, ज्याला जुने मेकॅनिक 'एसी पंप' म्हणतात. इंजिन फिरलं की कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकललं जातं. या पंपाचा दाब जेमतेम ३-४ पीएसआय असतो.

म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढलं जातं आणि पंपापासून पुढे ढकललं जातं. हा फरक लक्षात ठेवा. ढकलण्याच्या बाजूला पाईप फाटला तर पेट्रोल बाहेर गळतं आणि लगेच दिसतं. ओढण्याच्या बाजूला पाईपला चीर पडली तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. विहिरीवरची मोटर एअर धरते तेव्हा ती फिरत राहते पण पाणी येत नाही, अगदी तसंच. वरवर बघून "पाईप एकदम ओके आहेत" म्हणणारे इथेच फसतात.

काहीही खोलण्याआधी करायच्या ४ तपासण्या

गाडी बंद पडली की पाना कार्बोरेटरलाच लावायचा, ही जुनी सवय. पण कार्बोरेटर सगळ्यात शेवटी खोलायचा असतो. आधी पुढचा क्रम पाळा. इंजिन थोडं थंड होऊ द्या, आणि आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना, ते बघा.

पहिली तपासणी, ठिणगी. एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा, तो इंजिनच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. हे काम कार्बोरेटरपासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब करा. निळसर, जोरकस ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. ठिणगी पिवळी, कमजोर किंवा गायब असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा. कार्बोरेटरच्या नावावर खपलेले कितीतरी बिघाड शेवटी पॉइंट आणि कॉइलचे निघतात.

दुसरी तपासणी, पिचकारी. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघा आणि हातानं अ‍ॅक्सिलरेटरची कडी हलवा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि टाकीपासून इथपर्यंतची वाट सुरू आहे. पिचकारी उडाली नाही तर पेट्रोल पोहोचत नाही, किंवा तो छोटा पंपच गेला आहे. ते पुढच्या तपासणीत कळेल. बघताना चेहरा अगदी वर धरू नका.

तिसरी तपासणी, बाटली. कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारा पाईप काढून पारदर्शक बाटलीत सोडा आणि कुणाला तरी काही सेकंद सेल्फ मारायला सांगा. झटक्याझटक्यानं चांगली धार आली तर पंप, पाईप, टाकी सगळं ठीक आहे आणि अडथळा कार्बोरेटरच्या तोंडाशी, म्हणजे जाळीत किंवा पिनजवळ आहे. धार बारीक आली, बुडबुडे आले किंवा काहीच आलं नाही तर दोष मागे आहे. बाटलीतलं पेट्रोल फेकू नका, पाच मिनिटं तसंच ठेवून बघा. तळाला गंजाचे कण किंवा वेगळा थर दिसला तर खरा रोगी टाकी आहे.

चौथी तपासणी, ऑइलची काडी. ही बहुतेक जण विसरतात. एसी पंपाचा डायफ्राम फाटला तर काही गाड्यांत पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी अजिबात सुरू करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. डायफ्राम किटच्या खर्चात भागणारं काम मग पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं.

मग घाटात नेमकं काय झालं होतं?

चालता चालता बंद पडली आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली, या एका लक्षणामागे चार संशयित असतात.

पहिला संशयित, व्हेपर लॉक. पेट्रोल पाण्यासारखं एका ठराविक तापमानाला उकळत नाही. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांनंतरच वाफ होऊ लागतो. मे महिन्यात वऱ्हाडात हवाच ४२-४३ अंशांच्या पुढे जाते, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्यात चढ, दुसरा गिअर, समोरून वारा कमी. पंपाच्या ओढण्याच्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून तिथे पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पाईपमध्ये वाफ भरली की पंप ती वाफच दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. इंजिन थंड झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी सुरू.

दुसरा संशयित, टाकीचं झाकण. टाकीतून पेट्रोल निघालं की त्या जागी हवा आत यायला हवी. झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं छिद्र मातीनं बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. ओळखायची युक्ती फुकट आहे. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. 'सुस्स' आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर चोर सापडला.

तिसरा संशयित, टाकीतला कचरा. चालत्या गाडीत गंजाचे कण पाईपच्या तोंडाशी ओढले जातात आणि वाट बुजते. गाडी थांबली की ते खाली बसतात आणि वाट मोकळी होते. हा प्रकार थंडीतही होतो, म्हणून उन्हाला दोष देण्याआधी आठवून बघा, डिसेंबरमध्येही गाडी अशी बंद पडली होती का?

चौथा संशयित, कॉइल. जुनी कॉइल किंवा कंडेन्सर तापला की ठिणगी देणं थांबवतो आणि थंड झाला की पुन्हा काम करतो. लक्षण हुबेहूब व्हेपर लॉकसारखं. म्हणूनच ठिणगीची तपासणी गाडी बंद असतानाच करायची. ती सुरू झाल्यावर सगळेच साधू दिसतात.

व्हेपर लॉकच असेल तर जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय आजही चालतो. बॉनेट उघडा, ओलं फडकं एसी पंपावर आणि जवळच्या पाईपवर गुंडाळा आणि थांबा. कूलरच्या ओल्या वाळ्यानं हवा गार होते, त्याच तत्त्वानं फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं. पण बादलीभर पाणी गरम इंजिनवर ओतू नका, तापलेलं बीड तडकू शकतं.

कायमचा इलाज वेगळा. पेट्रोलचा पाईप सायलेन्सरच्या गरम पाईपपासून लांब आहे का ते बघा. पंप आणि इंजिन यांच्यामधलं जाड पॅकिंग कुणी काढून टाकलेलं नाही ना, याची खात्री करा. ते पॅकिंग उष्णता अडवण्यासाठीच असतं. रेडिएटर आणि फॅनबेल्ट नीट करून घ्या. काही जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवतात, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी मागून ढकललं जातं. हा उपाय चांगला आहे, पण पंप कार्बोरेटरसाठीचा, कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर त्याच्या दाबापुढे फ्लोटची पिन टिकणार नाही आणि पेट्रोल बाहेर येईल. शिवाय अपघात झाला तर पंप आपोआप बंद होईल, असा सेफ्टी स्विच सोबत हवाच.

उन्हाळ्यातला आणखी एक प्रकार याच्या अगदी उलट असतो. चालवून आणलेली गाडी दहा मिनिटं उभी केली आणि मग ती सुरूच होत नाही, पेट्रोलचा उग्र वास येतो. इथे पेट्रोल कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. इंजिनच्या उष्णतेनं वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. अशा वेळी चोक ओढायचा नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर सारखा दाबून सोडायचा नाही, त्यानं आणखी पेट्रोल आत जातं. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. जादा हवा आत जाते आणि बहुतेक वेळा गाडी उचलते.

लक्षणावरून दुखणं ओळखा

उभी असताना बंद पडते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की चालते: स्लो जेट चोक झालाय किंवा कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून हवा ओढली जातेय. इंजिन स्लोवर असताना सांध्यांवर साबणाचं पाणी थोडंथोडं शिंपडा. एखाद्या जागी आवाज बदलला तर गळती तिथेच. यासाठी पेट्रोल शिंपडणारे लोक असतात, तुम्ही ते करू नका.

एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिला की क्षणभर दम खाते: पिचकारी मारणाऱ्या छोट्या पंपाचा डायफ्राम कडक झालाय किंवा त्याची वाट बुजलीय.

गावात नीट चालते, हायवेवर ६०-७० च्या पुढे ओढत नाही: फिल्टर, कमजोर एसी पंप किंवा मेन जेट.

काळा धूर, पेट्रोलचा वास, मायलेज घसरलं: चोक पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर घाण झालाय, फ्लोटची पातळी जास्त आहे किंवा फ्लोटलाच छिद्र पडलंय. पोकळ पितळी फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो बुडतोय.

सायलेन्सरमधून फटाके, इंजिन तापतं, ओढ कमी: पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय.

खात्री करायची असेल तर प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर प्रमाण बरोबर. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफट्ट म्हणजे पेट्रोल कमी.

कार्बोरेटर खोललाच, तर

वरच्या सगळ्या तपासण्यांनंतर बोट कार्बोरेटरकडेच जात असेल तर तो जरूर खोला. पण आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलनं फोटो काढा. सुटे भाग एका पांढऱ्या ताटात, काढले त्याच क्रमानं मांडा. बारीक स्प्रिंग आणि गोळी हरवली तर जुन्या गाडीला ती लवकर मिळत नाही. पद्मिनीच्या सामानासाठी आजही अनेकांना मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेटमध्ये तार किंवा सुई घालणं. जेट मऊ पितळेचा असतो. त्याचं छिद्र केसभर मोठं झालं तरी हवा-पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या आणि कॉम्प्रेसरची हवा द्या. हवा मारण्याआधी फ्लोट आणि रबरी डायफ्राम काढून ठेवा. जोडताना पॅकिंग आणि पिन नवीन टाका. जुनं पॅकिंग लाल डिंक लावून पुन्हा बसवलं तर तोच डिंक तुटून पुढच्या महिन्यात जेटमध्ये जातो.

जोडून झाल्यावर इंजिन गरम करा, चोक पूर्ण उघडा असू द्या आणि मग ट्यूनिंग करा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत आत घ्या, दाबू नका. तिथून साधारण दीड ते दोन फेरे बाहेर काढा. मग थोडा आत-बाहेर करत इंजिन सगळ्यात एकसारखं चालेल तिथे थांबा आणि स्पीडच्या स्क्रूनं स्लो कमी करा.

यानंतर थेट पीयूसी करून घ्या. बीएस २ च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. हा आकडा मर्यादेपेक्षा वर असेल तर गाडी अजून पेट्रोल जास्त खातेय. म्हणजे पीयूसीचा कागद हा ट्यूनिंगचा रिपोर्टही आहे. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करताना गाडीची तपासणी होते, तेव्हाही हे ट्यूनिंग कामी येतं.

ई २० पेट्रोलनं काय बदललं?

६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूमध्ये ई २० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली. २०२५ पर्यंत ते देशभरातल्या पंपांवर पोहोचलं. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या पद्मिनीला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

पहिला परिणाम रबरावर. जुन्या गाड्यांचे पाईप, डायफ्राम आणि सील इथेनॉल डोक्यात ठेवून बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन तडकतात.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पाईपचं तोंड नेमकं तळाशीच असतं. पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली गाडी दिवाळीत सुरू होत नाही, त्यामागे हे एक कारण असतं.

तिसरा परिणाम मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई २० साठी हे प्रमाण साधारण १३.५ होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्बोरेटरला सेन्सर नाही, त्याचं छिद्र तेवढंच राहतं. त्यामुळे इंजिनला इंधन कमी आणि हवा जास्त मिळते, ते तापतं आणि ओढ कमी होते. मायलेजचं म्हणाल तर ई ० साठी बनवलेल्या आणि ई १० वर कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीत ई २० मुळे ६-७ टक्के घट होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता.

यावर उपाय आहेत आणि ते फार अवघड नाहीत. सगळे रबरी पाईप इथेनॉल चालणारे घ्या. एसी पंप आणि कार्बोरेटरच्या किटमधलं रबरही तसंच मागा. पारदर्शक फिल्टर लावा आणि सुरुवातीला तो वरचेवर बदला, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणा. प्लग सतत पांढरा दिसत असेल तर जाणकार मेकॅनिककडून मेन जेट एक नंबर मोठा टाकून घ्या.

या तीन गोष्टी कधीही करू नका

एक, सेल्फ मारताना कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतणं. हा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास दिसतो. इंजिननं उलटा भडका मारला तर आग बाटलीपर्यंत, म्हणजे तुमच्या हातापर्यंत येते.

दोन, पाईपला तोंड लावून पेट्रोल ओढणं. थोडंसं पेट्रोल फुफ्फुसात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. चुकून पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखाना गाठा. पाच-पन्नास रुपयांच्या हातपंपानं हे काम होतं.

तीन, ओव्हरफ्लो होणारी गाडी "घरापर्यंत जाऊ द्या" म्हणत चालवणं. बऱ्याच जुन्या गाड्यांत कार्बोरेटरच्या खालीच सायलेन्सरचा तापलेला पाईप असतो. पेट्रोलचा वास आला की गाडी बाजूला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवा. जुन्या गाडीत छोटं फायर एक्स्टिंग्विशर असायलाच हवं.

तर वरातीच्या गाडीचं काय करायचं?

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी धुण्या-पुसण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला एक तास बॉनेटखाली द्या. टाकीचं झाकण उघडून हवेचं छिद्र बघा. रबरी पाईप बोटानं वाकवून चिरा तपासा. फिल्टर बदला. ऑइलच्या काडीचा वास घ्या. रेडिएटरचं पाणी बघा. डिकीत पाण्याची कॅन, दोन फडकी, एक जादा प्लग आणि पारदर्शक बाटली ठेवा. आणि जमलं तर निघा सकाळी ऊन चढायच्या आत.

एवढं करूनही गाडी घाटात थांबलीच, तर "कार्बोरेटर गेला" म्हणणाऱ्याच्या हातात पाना देण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा आणि ठिणगी तपासा. दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागतात. आणि गॅरेजला गेल्यावर "गाडी चालत नाही" एवढंच न सांगता "ठिणगी आहे, बाटलीत धार येत नाही, झाकण उघडून फरक पडला नाही" असं सांगा. मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो, तुमचे पैसे वाचतात आणि आजोबांची गाडी भंगारात जायचीही वाचते.